फुटलेल्या पाळीबद्दल बाईचं मत

परभू, तुझ्या प्रकाशकाचा परवा फोन आला होता. आधी बराच वेळ तो तुझ्यासाठी हळहळला, मग खाकरला, मग मुद्द्यावर आला. ‘तळ्यातले पाव्हणे’च्या प्रती संपल्या आहेत, नवी आवृत्ती काढायची आहे. “सर एकदा म्हणाले होते, शेवट बदलायचा की नाही ते माझ्या बाईला, थोरल्या बहिणीला, विचारा. आता सर नाहीत. तुम्हीच सांगा, पाळ फोडलेली तशीच ठेवायची की बदलून घ्यायची?” आणि पुस्तकाच्या मागच्या बाजूला वाचकांची मतं छापायची आहेत म्हणे. त्यात माझं एक हवं. तुझी तशी फार इच्छा होती, असं तो सांगत होता. जसं काही मला ते माहीतच नाही.

सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच तांदूळ निवडत बसले. इतकी वर्षं मी तुझ्याशी त्या पाळीवरून, तळ्याच्या त्या बांधावरून, भांडले. आता माझ्या एका शब्दावर ती पाळ सांधली जाणार, म्हणजे भांडण मी जिंकले, आणि समोर तोंड वाकडं करायला तू नाहीस. रडू आलं. खरं सांगायचं तर रागही आला. मोठ्या बहिणीला असं जिंकायला लावून निघून जायचं, ही कुठली रीत?

तुझा फोन सध्या माझ्याकडे, आमगावला आहे. सुनंदानंच दिला. तुझी बायको ती, तिला तो घरात वाजलेला सहन होत नाही. त्यावर अजून वाचकांची मतं येतात, लिहिलेली कमी आणि बोलून पाठवलेली जास्त. ज्यांना कळलं नाही ते “नमस्कार सर” म्हणून सुरू करतात आणि तुझ्या झिरप्यांवर, पुस्तकातल्या त्या परग्रहावरच्या पाव्हण्यांवर, भरभरून बोलतात. मी शेवटपर्यंत ऐकते, मग “मी सरांची बहीण बोलते आहे” म्हणून त्यांना सांगते. मग ते बिचारे गोरेमोरे होतात आणि माझीच समजूत काढायला लागतात. तुझ्या निमित्तानं किती गावची माणसं माझी समजूत काढतात, तुला गंमत वाटली असती.

पुस्तक निघालं त्या दिवशी तू मोटरसायकलवर थेट माझ्या दारात आलास, ते आठवतं? हेल्मेटही काढलं नव्हतंस. पिशवीतून पुस्तक काढून माझ्या पिठाच्या हातात दिलंस.

“बाई, वाच आन् मत सांग. खोटं नोको सांगू.”

“मी कधी खोटं सांगतलं तुले?”

“म्हनूनच भेव लागून रायला.”

चिचगडकडच्या शाळेत तू विज्ञान शिकवलंस, जन्मभर. पोरांना ग्रह-तारे दाखवलेस. पण परग्रहावरचे प्राणी उतरवायला तुला आपल्याच गावचं तळं सापडलं. नाव बदललं होतंस, पण पिंपळ तोच, पायऱ्या त्याच. मी हसले होते. म्हटलं, एवढं मोठं आभाळ सोडून हे आपल्याकडं कायले आले? तर म्हणालास, “पान्यासाठी. दुसरं का आहे आपल्याकडं?”

झिरपे मला पहिल्या पानापासून आवडले, हे आज सांगते. माणसाएवढे उंच, कातडी ओल्या मातीच्या रंगाची, तोंडच नाही. तळपायांनी पाणी पितात. जिथून चालत जातील तिथली जमीन त्यांच्या मागं कोरडी पडत जाते. गावाला आधी कळतच नाही की तळं रोज वीतभर का उतरतं. मग ते दिसतात, मग पळापळ होते, बैल दाव्याला हिसके देतात. सगळं झकास जमलं होतं. मी भाजी करपवली तुझ्या पुस्तकापायी. आणि मग शेवटी तुझा तो विक्रम इंजिनिअर येतो, झिरप्यांना पाण्यावाचून मारायचं ठरवतो, आणि तळ्याची पाळ सुरुंग लावून फोडतो. पाणी वाहून जातं, झिरपे उभ्या जागी वाळतात, गाव नाचतं. संपलं.

मी पुस्तक मिटलं आणि तुला फोन लावला. “परभ्या, पाळ फोडली तू?” एवढंच विचारलं. तू पलीकडून हसत होतास.

आपण कोहळ्यांची लेकरं. ज्यांनी झाडीत जागा हेरून तळी बांधली त्यांच्या घरात जन्मलो. आपल्या गावात अजूनही नवी सून आली की पहिल्या उन्हाळ्यात तिच्या हातची एक टोपली माती पाळीवर पडते. आईची पडली, काकूची पडली, सुनंदाची पडली तेव्हा तू टोपलीला हात लावायला गेलास आणि सगळ्या बायांनी तुला हाकलून दिलं. मी लग्न होऊन आमगावला आले तर इथं तसली रीत नाही. सासरी माझी टोपली कुठंच पडली नाही, याचं मला पहिलं वर्षभर चुकल्यासारखं वाटत होतं. अशी ती पाळ. आणि तू तिला सुरुंग लावलास, तेही एका इंजिनिअरच्या हातानं.

आणि मी एकटीच नव्हते. आठव ती मतं. बाहेरच्यांना तर शेवट फार आवडला. पुण्याच्या एका मुलानं लिहिलं होतं, पाळ फुटते तो प्रसंग वाचताना अंगावर काटा आला, यावर सिनेमा निघायला पाहिजे. नागपूरच्या कुणा प्राध्यापकांनी झिरपे म्हणजे कशाकशाचं रूपक आहे ते समजावून सांगितलं. ते ऐकून तू मला विचारलंस, “बाई, मी हे सारं केवा लिवलं?” गोंदियाच्या कपड्याच्या दुकानातला तो शेठ तर थेट म्हणाला, “मास्टरजी, किताब बढिया है, लेकिन हीरोइन किधर है?” आठवडाभर तुला मी हिरोईन कुठाय म्हणून चिडवत होते.

पण आपल्या भागातून आलेलं मत फिरून फिरून एकच. कुणी झिरपे खरे का खोटे विचारलं नाही. उडत्या यानाबद्दल कुणाची तक्रार नाही. आभाळातून काय वाटेल ते उतरो, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. सगळे पाळीवर येऊन थांबायचे. देवरीच्या कॉलेजातल्या त्या मुलीचा आवाज मला अजून आठवतो, किती तावातावानं बोलत होती! “सर, तुडूम खोलला असता तरी तळं खाली झालं असतं ना? पाळ काऊन फोडली?” तुडूम म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुझ्याजवळ उत्तर तयार होतं. तुडूम कितीही उघडा, त्याच्या उंबऱ्याखालचं पाणी तळाशी राहतंच, तेवढ्यावर झिरपे जगले असते, म्हणून पाळच फोडावी लागली. विज्ञानाचे मास्तर ना तुम्ही.

“मग पंप लावायचा होता,” मी म्हटलं.

“लाइट नोहती बाई गावात. लिवलं आहे मी.”

“मग इंजिन आणायचं होतं. डिझेलचं.”

“बरोबर,” तू म्हणालास. “बरोबर, बरोबर.”

तुझं हे ‘बरोबर’ मी ओळखून होते. कुणीही दोष काढला की तू मान हलवून बरोबर म्हणायचास. समोरच्याला वाटायचं, पटलं मास्तरला. आणि तू पुस्तकातला काना हलवायचा नाहीस. लहानपणीही बाबा रागवले की असंच बरोबर बरोबर करून तू पुन्हा बोडीवर पोहायला पळायचास. बाबा तुला नुसता हट्टी म्हणायचे, मी निगरगट्ट म्हणायची. आज तो शब्द परत घ्यावासा वाटत नाही, फक्त तो तुला ऐकू जावा असं वाटतं.

मग तू माझ्या मागं लागलास. सगळ्यांची मतं आली, बाईचं मत कुठाय? मी सांगितलं, पाळ दुरुस्त कर, मग मत देते. तू म्हणालास, पुन्हा एकदा वाच, मग बोल. मी म्हणायची, पाळ फुटलेलं पुस्तक मी पुन्हा कशाला वाचू? असा आपला तो खेळ चालला. दर खेपेला आमगावला आलास की जेवताना तोच विषय. लाखोरीच्या डाळीचा भुरका मारून तू विचारायचास, “वाचलं का बाई?” मी म्हणायची, “बांधली का पाळ?” मग दोघं आपापल्या ताटात बघून जेवायचो. आपण बहीणभाऊ एकमेकांशी दुसरं फारसं काय बोललो रे? तुझं दुखणंखुपणं तू सांगितलं नाहीस, माझं मी सांगितलं नाही. पण पाळीवर मात्र मनसोक्त बोललो. त्या पुस्तकाआधी तू सणावाराला यायचास. पुस्तकानंतर महिन्यातून दोनदा यायला लागलास, भांडायला का होईना. माझं माहेर उतारवयात असं दारात येत राहिलं, याबद्दल त्या झिरप्यांचे आभार मानायचे राहिले आहेत.

चिचगडच्या त्या दुपारी मला तूच नेलंस. शाळेच्या ओसरीवर वाचकांना बोलावलं होतंस. मला तोंड बंद ठेवायची ताकीद होती. पोरं बोलली, तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुझी तारीफ केली, दोघांनी तुडुमाचा विषय काढला. मग मागून मडावी आजा उठले. त्यांना नातीनं पुस्तक वाचून दाखवलं होतं. त्यांनी पाळीचं नावही काढलं नाही.

“मास्तर,” ते म्हणाले, “थे पाव्हने एवढ्या दुरून आले. त्याहीले गावात कोनी पानी इचारलं का?”

उत्तरही त्यांनीच दिलं.

“नाई इचारलं. मंग त्याहीनं न इचारता पेलं. पाव्हना तहानला तं का करंल? तुमी त्याहीले चोर म्हनून रायले.”

ओसरीवर कुणी हसलं नाही. तू नेहमीसारखं बरोबरही म्हणाला नाहीस. परतताना जंगलाच्या रस्त्यानं आलो. देवरीला चहाला थांबलो तेव्हा तू म्हणालास, एवढ्या मतांत हे एक मत मला पुस्तक लिहायच्या आधी मिळायला पाहिजे होतं. मला वाटलं, आली गाडी रुळावर. लगेच म्हटलं, मग बदल ना शेवट. त्यांना पाणी द्यायला लाव, पाळ वाचव. तू कपातला चहा फिरवत बसलास.

“नाई बाई. हे गाव पाळ फोडनारंच आहे. भेलेला मानूस फोडतेच. मी लिवलं नाई तं का तो नाई फोडनार?”

“मग पुस्तक असंच संपणार? सगळे मेले आणि गाव नाचलं?”

“तू पुन्हा वाचलं का?”

पुन्हा तेच. मी चहाचा कप आपटला. दुकानदारानं वळून पाहिलं. वाचलं असतं तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं. पण तेव्हा तू जिवंत होतास, आणि जिवंत भावाचं सगळं ऐकलंच पाहिजे असं कुठल्या बहिणीला वाटतं?

गोंदियाच्या दवाखान्यात तुला भेटायला आले ती आपली शेवटची भेट. नाकाला नळी, आवाज खोल गेलेला. मी ठरवून आले होते की पुस्तकाचा विषय काढायचा नाही. तुझ्या पायांवरून हात फिरवला, ते थंडगार लागले. तू माझ्याकडं बघून म्हणालास, “पाय कोरडे पडले बाई. मीच झिरप्या झालो.” मला हसू फुटलं आणि तोंडावर पदर धरावा लागला. सुनंदा रागानं बघत होती आपल्या दोघांकडं. मग तू डोळे मिटून विचारलंस, “वाचलं का?” मी म्हटलं, आधी बरा हो, मग वाचते. तू मान हलवलीस, बरोबर म्हटल्यासारखी. हा आपला शेवटचा करार. तुझी बाजू तू पाळली नाहीस.

तुझा दहावा तळ्यावरच झाला, पाळीवर, पिंपळाखाली. मोहफुलं पडण्याचे दिवस, सकाळीच ऊन चटके देत होतं. पुरुष ओळीनं बसले होते, न्हाव्याचा वस्तरा चालला होता, आम्ही बाया पलीकडं पायऱ्यांजवळ. आणि तिथं, अशा वेळी, काय बोलणं चाललं होतं सांगू? न्हावी वस्तरा पुसता पुसता पाळीकडं बघून म्हणाला, “मास्तरनं हेच पाळ फोडली ना? एवढ्या पाळीले सुरुंग तरी किती लागले असतीन?” लगेच शेजारच्यानं हिशेब सुरू केला. दुसरा म्हणाला, पिंपळाच्या बाजूनं फुटायची नाही, तिथं दगडाचा जोड पक्का आहे, मास्तरनं उतारावर सांडव्याकडं लावायला पाहिजे होता. तिसऱ्यानं पुस्तक वाचलंच नव्हतं, तोही भांडत होता. भटजींनी दोनदा गप्प बसा म्हटलं. मी पदराआड रडत होते आणि ऐकत होते. मरणानंतर दहा दिवसांत माणसाची निदान स्तुती तरी होते. तुझ्या पाळीवर तुझीच झडती चालली होती. असा वाचक कुठल्या मोठ्या लेखकाला मिळाला असेल, सांग मला.

प्रकाशकाचा फोन आला तेव्हा हे सगळं माझ्या मनात होतं. मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं की शेवट बदलायचा. विक्रमला सुरुंग लावू द्यायचा, पण म्हाताऱ्या माणसांनी पाळीवर आडवं झोपायचं, आणि तेवढ्यात झिरपे आपणहून निघून जातील, असं काहीतरी. मनातल्या मनात मी तो प्रसंग लिहिलाही. चांगला झाला होता, तुझ्यापेक्षा बरा. सुनंदालाही विचारावं म्हणून मी काल आपल्या गावी गेले.

तर काल गावानं तळं मोकळं केलेलं. ठाऊक आहे ना तुला, जेठाच्या उन्हात पाणी आटत आलं आणि ढिवरांच्या सोसायटीचं जाळं शेवटचं फिरून गेलं की उरलेला गाळ गावाचा. मग ज्याला हवं त्यानं उतरावं आणि हातानं चाचपून सापडेल ते घ्यावं. मी पोचले तर घराला कुलूप. शेजारची म्हणाली, सुनंदाबाई तळ्यावर गेल्या. मला खरं वाटलं नाही. तू गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

पाळीवर उभी राहून पाहिलं. अर्धं गाव गाळात. आणि त्यात सुनंदा, लुगडं खोचून, गुडघ्यापर्यंत काळी, कोपरापर्यंत काळी. मला बघून तिनं हात वर केला. मग पुन्हा वाकली, काहीतरी धडपडली, पडता पडता सावरली आणि दोन्ही हातांत एक मागूर मासा धरून उभी राहिली. चांगला हातभर, मिशांचा, वळवळणारा. पाण्याचा थेंब नव्हता तिथं. वरची पापडी वाळून भेगाळली होती.

“ताई, पाहा! आत जिताच होता!” ती ओरडली. आणि हसली, परभू. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. तुला मागूर आवडायचा म्हणून काढला, असं नंतर म्हणाली, आणि मग गाळाच्या हातानंच तोंड झाकून रडली.

मी तिथंच पाळीवर बसले. लहानपणापासून मी हेच बघत आले आहे. तू आणि मी मिळून या गाळातून किती मासे काढले असतील. तळं आटलं म्हणजे आतलं संपलं, असं आपल्याकडं कुणीही म्हणत नाही. मग तुझं पुस्तक वाचताना मी हे कशी म्हणाले?

सुनंदाकडून किल्ली घेतली, घरी जाऊन पुस्तक काढलं आणि ओसरीवर बसून वाचलं. पहिल्यापासून. पाळीपर्यंत पळत सुटले नाही, हळूहळू वाचलं. मधे कुठंतरी ते आहे. झिरप्यांमधली एक मादी दिवसभर तळ्याच्या मधोमध उभी राहते. तिचे पाय घोट्यापर्यंत गाळात रुतलेले, आणि तू लिहिलं आहेस की त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याभोवतीचं पाणी कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं. पहिल्या खेपेला मला वाटलं होतं, सजावट असेल. जी जात पायांनी पाणी पिते, ती तिथं पायांनी पाणी सोडत होती. कशासाठी? मग मी शेवटचं पान उघडलं. पाळ फुटली, झिरपे वाळले, गाव नाचतंय, गाळ वाळत चाललाय. आणि तू लिहिलं आहेस, मधोमध एक जागा ओली राहिली होती, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

कुणाचंच नव्हतं रे. तिची पिल्लं त्या ओल्या गाळात होती, मागुरासारखी जिवंत. पुण्याचा पोरगा थरारात गुंतला, प्राध्यापक रूपकात, आणि आम्ही इथले सगळे पाळीवर अडकून बसलो. देवरीची ती मुलगी, न्हावी, मी. गाळात हात घालायचं कुणाला सुचलं नाही.

तू सांगितलं का नाहीस? पुष्कळदा संधी होती. देवरीच्या चहावर सांगायचं, दवाखान्यात सांगायचं. पण मला तुझं उत्तर ठाऊक आहे. मी सांगितलं तर ते माझं मत झालं बाई, वाचकाचं कुठं राहिलं, असंच म्हणाला असतास. वर्गातही तू पोरांना उत्तर सांगायचा नाहीस, घाम फुटेपर्यंत उभं करायचास. मी काय तुझ्या वर्गात होते? तुझ्यापेक्षा थोरली होते. मला सांगितलं असतंस तर चाललं असतं.

काल संध्याकाळी सुनंदानं मागुराचा रस्सा केला. दोघी जेवलो. तिला ते पान वाचून दाखवलं. ती ताटातला भात कालवत राहिली. मग म्हणाली, “हे असेच होते. घरातही अर्धं बोलत.” मग तिनं मला पुन्हा वाढलं.

आज आमगावला आल्या आल्या प्रकाशकाला फोन केला. सांगितलं, एक अक्षर बदलायचं नाही. तो गोंधळला. “पण तुमचा तर विरोध होता ना?”

“होता नाही, आहे,” मी म्हटलं.

आहेच, परभू. गैरसमज करून घेऊ नकोस. पिल्लं जगली म्हणून पाळ फोडणं बरोबर ठरत नाही. मडावी आजांनी विचारलं त्याचंही उत्तर तुझ्या पुस्तकात नाही. त्या पाहुण्यांना पाणी कुणी विचारलं नाही ते नाहीच. हे मी तुला पुढच्या जन्मीही ऐकवणार. पण शेवट तुझा आहे, आणि तो पुरा लिहिलेला आहे. माझ्या आडव्या झोपलेल्या म्हाताऱ्यांची तिथं गरज नाही.

“आणि मागच्या पानासाठी मत?” त्यानं विचारलं. मी त्याला लिहून घ्यायला सांगितलं: पाळ फोडायला नको होती. पुस्तक पुन्हा वाचावं. खाली नाव नको, लेखकाची मोठी बहीण एवढंच घाला. तो म्हणाला, बस, इतकंच? मी म्हटलं, इतकंच.

इतकंच नव्हतं. उरलेलं त्याला सांगण्यासारखं नव्हतं. मग मी माझा फोन घेतला, तुझं नाव काढलं, आणि तुझे वाचक बोलतात तशी बोलले. पहिल्यांदा बोललेलं पुसून टाकलं. दुसऱ्यांदा नीट बोलले.

“परभ्या, वाचलं बे पुन्हा. तुह्यं पुस्तक मले आवडलं. लय आवडलं. आता मले सांग, थे पिल्ले गाळातून निंगाले का? त्याहीले कोनी पानी इचारलं का? मंग का झालं?”

पाठवलं. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तुझा फोन वाजला. बाकी सगळ्यांची मतं मी ऐकते, उत्तरं देते. हे मत मी उघडलं नाही. ते तुला पाठवलं आहे.